तुंग्याच्या माळावर वीस बाजूंचा फासा

हवामहाल बघायला तुम्ही मान वर करता आणि समोर नुसतं आभाळ दिसतं. तो उभा राहायला अजून बारा वर्षं आहेत. शहर गुलाबीही नाही. तो रंग १८७६ मध्ये, इंग्लंडचा युवराज येणार म्हणून चढेल. जागेवर आहे ती बडी चौपड. साठ वर्षांपूर्वी आखलेले रुंद रस्ते इथे एकमेकांना छेदतात आणि एका बंद दुकानाच्या ओट्यावर दोन म्हातारे कवड्या टाकत बसलेत. जुलै १७८७ चा शेवटचा आठवडा. मराठे लालसोटच्या बाजूला येऊन बसलेत आणि गिऱ्हाईक कुणालाच नाही.

तुमच्या खिशात सात फासे आहेत, चार बाजूंच्यापासून वीस बाजूंच्यापर्यंत. झोळीत एक वही आहे, खाडाखोडीनं भरलेली. म्हातारे तुमचे फासे हातात घेऊन बघतात, वीस बाजूंचा उजेडात धरतात आणि परत देतात. एवढ्या बाजू कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं.

तुम्ही इथवर आलात ते टेबलावरच्या एका अडचणीमुळे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये चार जणांची टोळी बारा गॉब्लिनांशी लढते तेव्हा सगळं सुरळीत चालतं. ज्याची पाळी त्यानं वीस बाजूंचा फासा टाकायचा, वार लागला का ते बघायचं, लागला तर किती ते मोजायचं. तासाभरात निकाल. पण खेळ पुढे सरकतो, पात्रं मोठी होतात, आणि एके दिवशी कुणीतरी राजा त्यांना सांगतो की ही माझी फौज, आता तुम्हीच सांभाळा. पलीकडे दहा हजार ऑर्क. दर ऑर्कासाठी फासा टाकायचा म्हटलं तर टेबलावरची मंडळी पेन्शनीत निघतील. म्हणून फौजेच्या लढाईचे वेगळे नियम लागतात. पन्नास वर्षं लोक ते लिहितायत आणि दर थोड्या वर्षांनी पुन्हा लिहितायत, यावरून काय ते ओळखा.

विचित्र गोष्ट अशी की हा खेळ जन्मला फौजेतूनच. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं 'चेनमेल' निघालं. मध्ययुगीन लढायांचे नियम, एक बाहुली म्हणजे वीस माणसं. शेवटी एक पुरवणी होती, तीत चेटकी आणि ड्रॅगन आले. हीरो एकटा चार जणांच्या तोडीचा, सुपरहीरो आठांच्या. चेटक्यानं फेकलेला आगीचा गोळा म्हणजे मोठं गोफणयंत्र, आणि त्याची वीज म्हणजे जड मैदानी तोफ. त्याच सुमारास डेव्ह आर्नसन एकेका खेळाडूला एकेकच माणूस देऊन तळघरांत फिरवत होता. १९७४ मध्ये त्यानं आणि गायगॅक्सनं मिळून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला आणि वीसांची बाहुली फुटून त्यातून एकेकटा माणूस बाहेर पडला. तो पुन्हा फौजेत कसा घालायचा, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोय.

आपल्याकडे हा हिशेब जुनाच. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ म्हणजे एक पत्ती. तिची तिप्पट सेनामुख, त्याची तिप्पट गुल्म, आणि असं तिप्पट-तिप्पट करत अनीकिनीपर्यंत गेलात की दहानं गुणायचं. झाली अक्षौहिणी: २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. बाहुल्यांचं प्रमाण ठरवायला याहून देखणी शिडी कुणी बांधली असेल असं वाटत नाही. फक्त या शिडीत पगाराचं कोष्टक नाही. ते बघायलाच आज आलो आहोत.

घाट दरवाजातून बाहेर पडा. डोंगराच्या खिंडीतून आग्र्याकडे जाणाऱ्या वाटेवर चिखल आहे, दारूगोळ्याच्या गाड्या रुतल्यात, आणि बैलांना शिव्या देणाऱ्यांत ढाल-तलवारवाले दादूपंथी नागा साधूही आहेत. मागे जयगडावर जयबाण तोफ पडून आहे. १७२० मध्ये तिथल्याच भट्टीत ओतलेली, वीस फूट नळीची, वजन पन्नास टनांच्या घरात. लढाईत तिचा बार कधीच उडणार नाही. तुमच्या टेबलावर असली तोफ निघाली असती तर तिच्यासाठी खेळाडूंनी महिनाभर मोहीम काढली असती, आणि ती ओढायला बैल किती लागतील हे एकानंही विचारलं नसतं.

बस्सीच्या पुढे वाट दक्षिणेला वळते. तुंगा गावाजवळ जयपूरकरांची छावणी लागते. कछवाह्यांच्या जोडीला जोधपूरच्या विजयसिंहानं पाठवलेले राठोड आलेत, भीमराज सिंघवींच्या हाताखाली. आणि शेजारच्या तंबूंत बसलाय मुहम्मद बेग हमदानी. हा कालपरवापर्यंत महादजी शिंद्यांच्या बाजूला होता. डिसेंबर १७८४ मध्ये बादशहा शाह आलमनं महादजींना वकील-इ-मुतलक केलं, म्हणजे दिल्लीच्या साम्राज्याची सगळी मुखत्यारी दिली, आणि तिच्याबरोबर बादशाही फौजेचे हे असंतुष्ट सरदारही दिले. जयपूरकडची थकलेली खंडणी वसूल करायला महादजी आले आहेत तेही बादशहाच्याच नावानं. हमदानी आपली माणसं घेऊन या बाजूला निघून आला.

वहीत बघा, हमदानीसाठी तुमच्याकडे काय आहे? 'भाडोत्री घोडदळ, हल्ला अधिक तीन, बचाव पंधरा.' तो लढाईच्या आधीच दुसऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहील, यासाठी रकाना नाही.

अंधार पडल्यावर ओढे-ओघळ ओलांडून तुम्ही पलीकडे जाता. आधी वास येतो, ओल्या वैरणीचा आणि शेणाच्या धुराचा. मग कानावर मराठी पडते. लढणाऱ्यांपेक्षा बाजारबुणगे जास्त, वाणी, तांबोळी, बायका, पोरं, लोहार, आणि ज्यांचं काम काय ते कुणालाच सांगता येणार नाही असे बरेच. एक शिलेदार घोड्याला खरारा करतोय.

"कुठल्या पथकाचे तुम्ही?"

"पाहुणा आहे."

"पाहुणे, चुकीच्या वेळी आलात. जेवायला बसा म्हणायची सोय नाही." तो खरारा थांबवत नाही. "दाणा महागलाय. आणायला गेलेली माणसं राजपूत कापून काढतायत. तलब तर कधीची नाही."

"उद्या लढाई झाली तर?"

"झाली तर लढू. पण घोडं माझं आहे." तो मानेवर थाप मारतो. "बापानं जमिनीचा तुकडा गहाण ठेवून घेऊन दिलंय. हे पडलं तर मी उद्यापासून पायदळ. त्या पागेतल्या बारगिरांना काय, घोडं सरकारचं, पडलं तर दुसरं मिळतं."

थांबा. हे लिहून घ्या. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर येतो, बारगीर सरकारच्या. दोघांच्या हातात तलवार तीच, भाला तोच, तुमच्या वहीत दोघांचे आकडेही तेच. पण तोफांच्या तोंडावर घोडा घालायची वेळ आली की शिलेदाराचा हात लगामावर आखडणार, आणि त्याला भित्रा म्हणण्यात अर्थ नाही. आपलं भांडवल तो मांडीखाली घेऊन लढतोय. फौजेच्या नियमांच्या ज्या वह्या मी चाळल्या त्यांत हा भेद कुठे दिसला नाही. 'हिंमत' म्हणून दोन फाशांची एक चाचणी असते, नापास झालात की पळा. हिंमत कशावर टेकलीय, हे विचारायची पद्धत नाही.

शिलेदार जयपूरच्या दिशेनं थुंकतो. छत्तीस वर्षांपूर्वी, जानेवारी १७५१ मध्ये, बाजारहाट करायला आणि शहर बघायला आत गेलेल्या मराठ्यांना जयपूरकरांनी वेशी लावून कापून काढलं होतं. तो तेव्हा जन्मलाही नसेल, पण सांगतो असं, जणू परवाची गोष्ट. मराठ्यांनी त्याआधी जयपूरच्या राजाला खंडणीसाठी किती पिळलं, आणि त्यानं विष कसं घेतलं, ते मात्र त्याच्या गोष्टीत नाही.

छावणीच्या मधोमध राणे खानाचा डेरा आहे. उद्या मैदानात फौजेची सूत्रं याच्या हाती. पानिपतावरून जखमी महादजींना उचलून आणणारा भिस्ती तो हाच, असं सांगतात. महादजी त्याला भाऊ मानतात. खांद्यावर पाण्याची मशक घेऊन खेळात उतरलेलं पात्र सव्वीस वर्षांनी सेनापती. तुमचा कुठलाही खेळाडू ही पार्श्वभूमी डोळे झाकून घेईल. फौजेच्या खेळात एकट्या माणसाचं वजन कुठे पडतं, तेही इथे दिसतं. लढाईच्या गर्दीत त्यानं किती जण कापले हे कुणाला आठवत नाही, त्यानं कुणाला घरी आणलं ते सगळ्यांना माहीत आहे.

२८ जुलै. तोफा सुरू होतात आणि पहिल्या काही मिनिटांतच तुमची वही निकामी होते, कारण काही दिसत नाही. टेबलावर तुम्ही वरून बघता. ही बगल, ती बिनी, तो राखीव घोडदळाचा ठोकळा. इथे समोरच्या घोड्याचा पुठ्ठा दिसतो, त्यापुढे धूर. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये हे ओळखलं. त्याच्या 'क्रीग्सश्पील'मध्ये दोन्ही बाजूंच्या मधे एक पंच बसायचा आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच त्याला सांगायचा. तुमचा डन्जन मास्टर हा त्याच पंचाचा नातू. फक्त नातवाला नकाशा दाखवायची फार हौस, आजोबा झाकून ठेवायचे.

डाव्या अंगाला गलका वाढतो. राठोड येतायत. घोडे भरधाव, थेट तोफांवर. गोळे त्यांच्यात वाटा पाडतात आणि त्या वाटा मागचे भरून काढतात. ते तोफांपर्यंत पोचतात, गोलंदाजांना गाड्यांपाशीच कापतात आणि पुढे घुसतात. तुम्ही आहात डी बॉईनच्या पलटणीत. सॅव्हॉयहून आलेला हा गोरा महादजींच्या नोकरीत असून त्याच्याकडे दोन कवायती पलटणी आहेत. संगिनी रोखल्या जातात. तुमच्या शेजारचा शिपाई ओठ हलवतोय, मंत्र म्हणतोय की शिव्या देतोय ते कळत नाही.

आता तुमची पाळी. काय करणार?

फौजेच्या लढाईत पात्राला एवढाच प्रश्न असतो, राहायचं की पळायचं. ग्रेग स्टॅफर्डच्या १९८५ मधल्या 'पेंड्रॅगन'नं तो सगळ्यात प्रामाणिकपणे विचारला असं मला वाटतं. तिथे लढाईचा निकाल सेनापती ठरवतात, आणि तुमच्या सरदाराला दर फेरीला एवढंच कळतं की समोर कोण आलं आणि तो त्यातून तगला की नाही. जिंकलो का, ते संध्याकाळी कुणीतरी सांगतं. त्याच वर्षी आलेल्या 'बॅटलसिस्टम'नं दहा माणसांची एक बाहुली करून टेबल भरून टाकलं. दिसायला बहारदार. पण वीस हजारांच्या फौजेला दोन हजार बाहुल्या, आणि त्या मांडेपर्यंत राठोड परत जोधपूरला पोचतील.

पलटण जागची हलत नाही. राठोडांचा लोट तिच्यावर फुटतो आणि मागे वळतो. तुम्ही तगलात, आणि त्यात तुमचं कर्तृत्व फारसं नाही. शेजारचा उभा राहिला म्हणून तुम्ही राहिलात, आणि तोही बहुधा तुमच्याकडेच बघत होता.

संध्याकाळी बातमी येते. हमदानी पडला. तोफेचा गोळा लागला. पलीकडच्या बाजूचा सगळ्यात अनुभवी सरदार कुणाशी द्वंद्व न करता, कुणाचं नावही न कळता, लांबून आलेल्या लोखंडानं गेला. तुमच्या टेबलावर असं झालं तर त्याचा खेळाडू पत्रक फाडून घरी जाईल. म्हणूनच असे नियम वीराला फौजेच्या गोळ्यांपासून झाकतात. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, खेळ म्हटला की खेळणाऱ्याचा मान राखावा लागतोच. पण निदान एक फासा असावा. हमदानीची जागा लगेच त्याचा पुतण्या इस्माइल बेग घेतो, आणि तो काकापेक्षा जास्त त्रास देईल.

दोन्ही बाजू म्हणतात, आम्ही जिंकलो. दोन्ही छावण्या होत्या तिथेच आहेत. प्रेतं मोजून निकाल लावायचा म्हटलं तर बरोबरी.

आता खरी लढाई सुरू होते, आणि तिच्यात बार उडत नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत बादशाही फौजेतल्या हिंदुस्थानी पलटणी थकलेल्या तलबेसाठी अडून बसतात. धरणं धरायची रीत या फौजांना नवी नाही. शिपाई सरदाराच्या डेऱ्यापुढे बसतात, जेवू देत नाहीत, हलू देत नाहीत. महादजींकडे द्यायला पैसा नाही. जी खंडणी वसूल करायला आलो तिच्यातूनच तर ती तलब द्यायची होती. आणि मग पलटणी उठतात, तोफा जुंपतात आणि जयपूरकरांकडे चालू लागतात. पळत नाहीत. नोकरी बदलायला निघालेत.

शिलेदार तुमच्या शेजारी उभा राहून बघतो. "गेले," तो म्हणतो. राग दिसत नाही, थोडा हेवाच दिसतो.

इथे मला १९८४ च्या 'वॉर मशीन'ची बाजू घ्यायची आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या कंपॅनियन संचातली ती काही पानं, आणि खेळाडू त्यांना नाकं मुरडतात, कारण त्यांत बाहुली नाही, नकाशा नाही. फौजेचा एक आकडा काढायचा, त्यात नेतृत्व, अनुभव, शिकवण, शस्त्रं धरायची, प्रसंगानुसार भर-वजाबाकी करायची, दोन्ही बाजूंनी शंभराचा फासा टाकायचा आणि फरक कोष्टकात बघायचा. कोरडं आहे. पण कापाकापीचा देखावा बाजूला सारून फौज ही चालती संस्था आहे, हे त्या पानांनी ओळखलं. आणखी एक पाऊल टाकून लढाईच्या आधीचा महिना आणि नंतरचा आठवडा मोजला असता, तर तुंगा त्या कोष्टकात बसला असता. दुपारच्या फाशांत महादजी हरले नव्हते. चार दिवसांनी, ऑगस्ट लागता लागता, त्यांची फौज डीगच्या वाटेनं मागे फिरली.

आणि कोष्टक तिथेही संपत नाही. महादजी मागे हटले, दिल्लीची राखण सैल झाली. १७८८ च्या उन्हाळ्यानंतर गुलाम कादिर रोहिला शहरात शिरला आणि ऑगस्टमध्ये त्यानं म्हाताऱ्या शाह आलमचे डोळे काढले. महादजींच्या फौजेनं दिल्ली परत घेतली तोवर ऑक्टोबर उजाडला होता. तुमच्या मोहिमेत एवढा मोठा प्रसंग घडवायचा असेल तर तुम्ही एखादा राक्षस जागा केला असता. इथे काही पलटणींची तलब थकली होती.

पुढचं पान उलटा. २० जून १७९०, जयपूरच्या उत्तरेला तंवरांची पाटण. समोर तेच: इस्माइल बेग, राठोड, कछवाहे. डी बॉईनही तोच, पण आता त्याच्या हाताखाली पलटणींचा मोठा कंपू आहे, आणि त्याच्या खर्चासाठी महादजींनी दोआबातला मुलूख लावून दिलाय. शिपायांना तलब वेळेवर मिळते. हत्यारं फार बदललेली नाहीत. कछवाहे मात्र या वेळी हात राखूनच लढतात. राठोडांनी तुंग्यावरून मारलेले टोमणे त्यांच्या मनात होते, असं राजपुतान्यात सांगतात. दिवस मावळायच्या सुमाराला कंपू पुढे सरकतो आणि इस्माइल बेगची फळी फुटते. सप्टेंबरात मेडत्यालाही तेच.

तुम्ही ओल्या मातीवर वही टेकवून नवा नियम लिहिता. दर पथकाला तीन रकाने. तलब किती महिने थकली. दाणा किती दिवसांचा उरला. माणूस इथे कुणाच्या शब्दावर आला, आणि तो शब्द देणारा जिवंत आहे का. तिन्हींची बेरीज चढली की पथक लढाईआधी एक फासा टाकतं, मार खाल्ल्यावर दुसरा, आणि सगळ्यात मोठा लढाईनंतर, जेव्हा खेळाडू हुश्श म्हणून चहा मागवतात. फासा उलटा पडला तर पथक मरत नाही, पलीकडे जाऊन उभं राहतं, तोफांसकट. पात्रांना काम मिळतं ते इथे: सावकार गाठा, दाण्याचा काफिला आणा, रुसलेल्या सरदाराच्या डेऱ्यात रात्र काढा. तलवारीचं काम फेरीला एकदा, पेंड्रॅगनच्या चालीनं.

शिलेदाराच्या घोड्याचं अजून जमत नाही. घोडा वाचवायला त्याला बचावात वाढ द्यायची की हल्ल्यात घट? दोन्ही लिहून दोन्ही खोडता.

टेबलावर हे वाचून दाखवाल तेव्हा पहिला प्रश्न काय येईल तेही ठरलेलं आहे: आमच्या फौजेत एक ड्रॅगन आहे, त्याला तलब कसली? म्हणून शेवटची ओळ आत्ताच टाकून ठेवा. ड्रॅगन, मोठा, एक: रोजचे बोकड चाळीस, मुक्कामाला दुप्पट. दोन दिवस खाडा पडला तर फासा ड्रॅगनच्या वतीनं मास्टर टाकेल, आणि तो कुणाला दाखवणार नाही.